फोल्डरचं नाव सिस्टम३२, आत माल ६४ बिटचा! हा घोळ भिवंडीतल्या जुन्या कॉम्प्युटरला आज का नडतोय?

भिवंडी म्हटलं की आधी यंत्रमाग आठवतात आणि मग गोदामं. शहरात मागांची खडखड आणि बाहेर पडलं की माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेरकडं गोदामांच्या रांगा. पण या दोन्ही धंद्यांचा हिशेब जिथं होतो ती जागा फारशी कुणाच्या नजरेत येत नाही. छोटं ऑफिस, एक जुना कॉम्प्युटर, शेजारी करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेलं बिल्टीचं नाहीतर ग्रे कापडाच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर.

सॉफ्टवेअर लिहून देणारा आता कुठं असतो हे माहीत नसतं. पण सॉफ्टवेअर चालतंय, त्यामुळं कुणी हात लावत नाही.

हात लावायची वेळ आली १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेचे अपडेट वाढवून घ्यायची सोय ठेवली, ती पण १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आणि यात एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. ३२ बिटमध्ये मिळणारी विंडोज १० ही शेवटची विंडोज होती. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते.

म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर नव्यावर न्यायचं तर ते ३२ बिटच्या घरातून ६४ बिटच्या घरात जाणार. आणि इथंच गाडी अडते.

नेहमीचा सीन असा असतो. नव्या मशीनवर जुनं बिल्टीचं सॉफ्टवेअर टाकलं. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं, म्हणजे १९९८ सालच्या हत्यारानं घडवलेलं. ते सुरू होताना सांगतं की अमुक एक ओसीएक्स फाइल सापडत नाही. मग जुन्या मशीनच्या सिस्टम३२ फोल्डरमधून ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि नव्या मशीनच्या सिस्टम३२ मध्ये पेस्ट केली. फाइल डोळ्यांना दिसतेय. सॉफ्टवेअर परत सुरू केलं, तर तेच उत्तर, फाइल सापडत नाही.

माणूस म्हणतो व्हायरस असेल. फॉरमॅट मारतो. परत तेच.

व्हायरस वगैरे काही नसतं. नव्या विंडोजमध्ये सिस्टम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटच्या फाइल्स असतात, आणि ३२ बिटच्या फाइल्स ज्या फोल्डरात असतात त्याचं नाव आहे सिसवाऊ६४. नीट वाचा, उलटं लिहिलेलं नाहीये. ३२ नावाच्या घरात ६४ आणि ६४ नावाच्या घरात ३२.

आता हे असं का केलं, हे समजून घ्यायला आधी भिवंडीच्याच एका शब्दाची मदत घेऊ. तो शब्द म्हणजे पन्हा.

कापडाची रुंदी म्हणजे पन्हा. समजा एका कारखान्यात ४४ इंची कापडाचे जुने माग आहेत आणि मालकानं शेजारी मोठ्या पन्ह्याचे नवे माग बसवले. सूत तेच असू शकतं, कामगार तोच असू शकतो, पण बीम आणि फणी तीच चालत नाही. अरुंद मागाचं बीम रुंद मागावर चढवून उपयोग नाही आणि रुंद बीम अरुंद मागात बसणारच नाही.

प्रोसेसरचं पण असंच असतं. ३२ बिटचा प्रोसेसर एका दमात ३२ बिटचा आकडा हाताळतो. मेमरीतल्या प्रत्येक जागेला तो जो पत्ता देतो तो पण ३२ बिटचा. त्यामुळं एका प्रोग्रामला जास्तीत जास्त ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ बाइट इतक्याच जागा मोजता येतात, म्हणजे ४ जीबी. १९९० च्या आसपास ही मर्यादा हास्यास्पद वाटावी इतकी लांब होती. नंतर ती गळ्याशी आली. म्हणून पत्त्याचा पन्हा दुप्पट केला, ६४ बिट.

पण कुठलाही प्रोग्राम एकटा चालत नाही. प्रिंट काढणं, फॉन्ट दाखवणं, फाइल उघडणं, इंटरनेटला जोडणं ही कामं तो स्वतः करत बसत नाही. त्यासाठी तयार कोडचे साठे असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. विंडोजमध्ये डीएलएल, ओसीएक्स, लिनक्समध्ये डॉट एसओ. प्रोग्राम सुरू झाला की ऑपरेटिंग सिस्टम त्याला हव्या त्या लायब्ररी शोधून जोडून देते.

आणि इथं नियम कडक आहे. ३२ बिटच्या प्रोग्रामला ३२ बिटचीच लायब्ररी लागते, ६४ ला ६४ चीच. एकाचा पत्ता ४ बाइटचा, दुसऱ्याचा ८ बाइटचा, त्यामुळं एकानं सांगितलेली जागा दुसऱ्याला कळतच नाही. एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही मिसळता येत नाहीत.

मग मेख अशी की दोन्ही लायब्ररींचं नाव एकच असतं. काम तेच, नाव तेच, फक्त पन्हा वेगळा. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइल्स राहू शकत नाहीत. त्यामुळं दोन गोदामं करावीच लागतात.

प्रश्न एवढाच उरतो की जुन्या पत्त्यावर कोण राहणार आणि नव्या जागेत कुणी जायचं?

लिनक्सवाल्यांनी जुन्याला हलवलं नाही

ही वेळ पर्सनल कॉम्प्युटरच्या आधी मोठ्या मशीनवाल्यांवर आली होती. सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्स सिस्टममध्ये तर लिब, लिब३२ आणि लिब६४ अशी तीन घरं होती. सन कंपनीनं १९९८ च्या सोलारिस ७ मध्ये जुन्या लायब्ररी जागेवर ठेवून त्यांच्याच पोटात ६४ बिटसाठी वेगळी खोली काढली. पण ही मशीन घेणारे लोक मोजके होते.

खरा प्रश्न आला एएमडीमुळं. १९९९ मध्ये एएमडीनं जाहीर केलं की इंटेलच्या जुन्या ३२ बिट रचनेलाच ताणून आम्ही ६४ बिट करणार. २२ एप्रिल २००३ ला त्यांचा ऑप्टेरॉन प्रोसेसर आला. इंटेलनं एचपीसोबत वेगळा रस्ता धरला होता, इटॅनियम नावाचा. तो जुन्याशी नातं तोडून नव्यानं मांडलेला होता आणि ३२ बिटचे जुने प्रोग्राम त्यावर रडतखडत चालायचे. एएमडीच्या चिपवर मात्र जुना प्रोग्राम पूर्वीच्याच वेगानं पळायचा.

बाजारानं कुणाला निवडलं ते सगळ्यांना माहितीये. २००४ मध्ये इंटेलनं पण एएमडीची पद्धत उचलली. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलची चिप असली तरी तिची ६४ बिटची भाषा मुळात एएमडीची आहे. इटॅनियमची शेवटची खेप २०२१ मध्ये गेली.

पण जुनं चांगलं चालतं याचा अर्थ असा होता की लोक जुनं टाकणार नाहीत, दोन्ही शेजारी शेजारी चालवणार. म्हणजे दोन्ही गोदामं भरलेली राहणार. लिनक्समध्ये फोल्डर कसे मांडावेत याचं जे प्रमाण आहे, त्याच्या २००४ च्या आवृत्तीत हे स्पष्ट लिहिलं गेलं. जुन्या ३२ बिटच्या लायब्ररी लिब मध्येच राहतील आणि ६४ बिटवाल्या लिब६४ नावाच्या नव्या फोल्डरात जातील. गंमत म्हणजे इटॅनियमला यातून सूट होती, तिथं ६४ बिटचा माल लिब मध्येच ठेवायचा. कारण तिथं जुनं तितकं महत्त्वाचं धरलेलंच नव्हतं.

याचा फायदा उघड आहे. जुन्या प्रोग्राममध्ये जो पत्ता कोरलेला आहे तो बदलत नाही. रेड हॅट, फेडोरा, सुसे यांनी हीच पद्धत धरली. तोटा कळायला वेळ लागला. जेव्हा सगळ्याच मशीन ६४ बिटच्या झाल्या तेव्हा मुख्य घर रिकामं आणि सगळा संसार आउटहाऊसमध्ये, अशी गत झाली. वर प्रत्येक सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला लक्षात ठेवावं लागतं की इथं लिब नाही, लिब६४.

डेबियनवाल्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की आज दोन पन्हे आहेत म्हणून दोन गोदामं करताय, उद्या मोबाइलवाल्या एआरएम चिपचा माल त्याच मशीनवर ठेवायचा झाला तर काय लिब१२८ काढणार? म्हणून त्यांनी पन्ह्याचा आकडा न वापरता प्रत्येक जातीच्या प्रोसेसरला त्याच्या पूर्ण नावाचा फोल्डर दिला. त्यात एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू असं लांबलचक नाव असतं. दिसायला कटकट, पण कितीही जातींचा माल आला तरी टक्कर होत नाही. मे २०१३ च्या डेबियन ७ पासून ही पद्धत आहे आणि उबुंटू, मिंट यांच्यातही तीच. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस लिनक्स डेबियनवरच उभी आहे, त्यामुळं तिच्यातही.

तरी डेबियनला लिब६४ पूर्ण पुसता आलं नाही. कारण प्रत्येक ६४ बिट प्रोग्रामच्या पोटात त्याला सुरू करून देणाऱ्या फाइलचा पत्ता कोरलेला असतो आणि तो पत्ता लिब६४ मधलाच ठरलेला आहे. तेवढ्यासाठी तो फोल्डर ठेवावा लागतो.

याच कोरलेल्या पत्त्यामुळं लिनक्सवर एक भुताटकी वाटावी अशी चूक दिसते. ६४ बिट मशीनवर ३२ बिटचा प्रोग्राम चालवायला गेलं की उत्तर येतं, अशी फाइल नाही. फाइल तर समोर आहे! खरं म्हणजे प्रोग्राम आहे, त्याला सुरू करून देणारी ३२ बिटची फाइल नाहीये. पण मेसेजमध्ये ते सांगायची तसदी कुणी घेतली नाही आणि आजवर कित्येकांचे तास यात गेलेत.

विंडोजनं मात्र घरच अदलाबदल केली

मायक्रोसॉफ्टचा किस्सा वेगळा. १९९३ मध्ये विंडोज एनटी आली तेव्हा त्यांनी लिनक्ससारखंच केलं होतं. १६ बिटचा जुना माल सिस्टम मध्ये, ३२ बिटचा नवा सिस्टम३२ मध्ये. सरळ हिशेब.

पण पुढच्या दहा वर्षांत जगभरच्या प्रोग्रामरनी आपापल्या कोडमध्ये सिस्टम३२ हे नाव थेट लिहून टाकलं. ६४ बिटची वेळ आल्यावर नवा फोल्डर सिस्टम६४ काढला असता, तर ते प्रोग्राम ६४ बिटसाठी पुन्हा बनवताना प्रत्येक ठिकाणी नाव बदलावं लागलं असतं. म्हणून ठरलं की नाव तेच राहू द्या, ६४ बिटचा माल सिस्टम३२ मध्येच भरा. आणि ३२ बिटवाल्यांना हलवा सिसवाऊ६४ मध्ये. वाऊ म्हणजे 'विंडोज ऑन विंडोज'. ६४ बिट विंडोजवर चालणारी ३२ बिट विंडोज, असा त्याचा अर्थ.

मग जुने प्रोग्राम? ते तर सिस्टम३२ मध्येच जाणार. त्यासाठी विंडोजनं वाटेत एक माणूस उभा केला. ३२ बिटच्या प्रोग्रामनं सिस्टम३२ मागितलं की तो गुपचूप त्याला सिसवाऊ६४ मध्ये नेतो. प्रोग्रामला कळत पण नाही.

आता भिवंडीच्या ऑफिसातल्या त्या ओसीएक्सकडं परत बघा. फाइल पेस्ट केली ती विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधून, जो ६४ बिटचा आहे, त्यामुळं ती खऱ्या सिस्टम३२ मध्ये पडली. बिल्टीचं सॉफ्टवेअर ३२ बिटचं, त्यानं सिस्टम३२ मागितलं आणि ते गेलं सिसवाऊ६४ मध्ये. तिथं फाइल नाहीच. दोघंही खरं बोलतायत. ती फाइल सिसवाऊ६४ मध्ये टाकून तिथल्याच रेगएसव्हीआर३२ नं नोंदवली की बहुतेक वेळा काम मिटतं. यासाठी फॉरमॅट मारायची गरज नव्हती.

अशीच गोची एक्सेलमध्ये पण होते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा थेट एक्सेलमध्ये ओढायला ओडीबीसी नावाची जोडणी लागते. २०१९ च्या ऑफिसपासून एक्सेल आपोआप ६४ बिटचं बसतं, त्याआधी ३२ चं बसायचं. एक्सेल ६४ चं आणि जोडणीचा ड्रायव्हर ३२ चा असेल तर एकमेकांना ते दिसतच नाहीत. ही सेटिंग बघायचा प्रोग्राम विंडोजमध्ये दोनदा आहे, एक सिस्टम३२ मध्ये, एक सिसवाऊ६४ मध्ये, आणि फाइलचं नाव दोन्हीकडं ओडीबीसीएडी३२. यावर वेगळं काही बोलायची गरज नाही.

तिरकस वाटलं तरी मायक्रोसॉफ्टनं जुन्या ग्राहकाला सांभाळलं हे मान्य करावं लागतं. ॲपलनं ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅटालिना आणताना ३२ बिटचे प्रोग्राम सरसकट बंदच केले.

मग आत्ता विषय का तापलाय?

कारण आता जुनं गोदाम सांभाळायचा खर्च कुणी करायचा यावर भांडण लागलंय. ३२ बिटची प्रत्येक लायब्ररी वेगळी बनवावी लागते, तपासावी लागते, सुरक्षेचं भोक सापडलं की परत बनवावी लागते. हे बरंचसं काम स्वयंसेवक करतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडं ३२ बिटचं मशीनच उरलेलं नाही.

जून २०१९ मध्ये उबुंटूनं ३२ बिटच्या लायब्ररी काढून टाकायचं जाहीर केलं. गेमवाले आणि वाइनवाले खवळले. वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय. आठवड्याभरात उबुंटूला माघार घ्यावी लागली. जून २०२५ मध्ये फेडोरात तोच प्रस्ताव आला, तोच गदारोळ झाला आणि काही दिवसांत तो मागे घेतला गेला. रेड हॅटनं मात्र मे २०२५ च्या आपल्या दहाव्या आवृत्तीत ३२ बिटचा माल काढून टाकला. त्यांचं गिऱ्हाईक सर्व्हरवालं, त्यामुळं ओरडायला फारसं कुणी नव्हतं.

डेबियननं मधला रस्ता काढला. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट इंटेल मशीनसाठी इन्स्टॉलर नाही, कर्नल नाही. पण ३२ बिटच्या लायब्ररी आहेत, त्या ६४ बिट मशीनवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरत्या. म्हणजे माग विकला, पण जुन्या बीमची खोली ठेवली.

त्या खोलीवर पण तारीख पडलेली आहे. जुनी ३२ बिट सिस्टम १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटच्या आकड्यात मोजते आणि तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. डेबियननं इतर ३२ बिट जातींसाठी हे मोजमाप रुंद करून टाकलं, पण इंटेलच्या ३२ बिटसाठी मुद्दाम केलं नाही. कारण ती खोली जुन्या तयार प्रोग्रामसाठी ठेवलीये आणि मोजमाप बदललं तर तेच प्रोग्राम चालायचे नाहीत.

एक आशेची बाजू वाइनकडून आली. जानेवारी २०२४ च्या वाइन ९ पासून अशी सोय सुरू झालीये की विंडोजचा ३२ बिटचा प्रोग्राम लिनक्सच्या ६४ बिट लायब्ररींवरच चालावा, मध्ये भाषांतर वाइन करेल. त्यामुळं जुन्या गोदामाची गरज बरीच कमी होऊ शकते.

भिवंडीतल्या पेढीनं काय बघायचं?

भिवंडीला जुनं आणि नवं शेजारी चालवायची सवय आहे. १ एप्रिल २०१७ ला केंद्राची पॉवरटेक्स इंडिया योजना सुरू झाली ती भिवंडीतूनच, आणि तिचा एक भाग हाच होता की साधा माग भंगारात न घालता त्याला जोडण्या बसवायच्या, म्हणजे धागा तुटला की माग आपोआप थांबेल. कॉम्प्युटरच्या बाबतीत पण आधी हेच तपासावं.

सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि त्यात अबाउट उघडलं की सिस्टम टाइप दिसतं. तिथं '३२ बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर' असं लिहिलं असेल तर प्रोसेसर मोठ्या पन्ह्याचाच आहे, वर विंडोज अरुंद टाकलीये. २००६ चे कोअर २ ड्युओ सुद्धा ६४ बिटचे होते, त्यामुळं अशी मशीन भरपूर निघतात. त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसणार नाही, कारण तिला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. पण ६४ बिटची लिनक्स बसते. ३२ बिटची लिनक्स शोधत बसायचं कारण नाही, कारण फायरफॉक्सनं पण लिनक्सच्या ३२ बिटसाठी १४४ ही शेवटची आवृत्ती काढली आणि क्रोम तर २०१६ मध्येच गेलं. जीएसटीचं पोर्टल उघडायचं म्हणजे चालू ब्राउझर हवाच.

विंडोज ३२ वरून ६४ ला अपग्रेड होत नाही, नव्यानंच टाकावी लागते. त्यामुळं डेटाचा बॅकअप आधी.

आणि दोन गोष्टी ६४ बिटवर कुठल्याच फोल्डरमध्ये टाकून चालणार नाहीत. एक म्हणजे डॉसच्या काळातलं फॉक्सप्रोमधलं बिलिंग. १६ बिटचे आणि डॉसचे प्रोग्राम ६४ बिट विंडोज चालवतच नाही, त्याला डॉसबॉक्ससारखा वेगळा उपाय लागतो. दुसरं म्हणजे ड्रायव्हर. डोंगल, वजनकाटा, जुना प्रिंटर यांचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजला ६४ बिटचाच लागतो, तिथं ३२ बिटला प्रवेश नाही. त्या वस्तूच्या कंपनीनं ६४ बिटचा ड्रायव्हर काढलाय का हे नवं मशीन घ्यायच्या आधी बघावं. काढला नसेल तर तेवढं एक जुनं मशीन इंटरनेटची वायर काढून कोपऱ्यात चालू ठेवणं, हाच सध्या स्वस्तातला मार्ग आहे.